अ‍ॅड्रिनलची गाठ काढण्याआधी ती काय स्रवते ते पाहा

प्रश्न : आम्ही इंदूरला राहतो. आईचं वय ५२. आठ वर्षांपासून बीपी आहे. टेल्मिसार्टन ४०, अ‍ॅम्लोडिपिन १०, क्लोरथॅलिडोन १२.५ आणि मेटोप्रोलॉल ५० एवढ्या गोळ्या चालू असूनही ते १६०/१०० च्या खाली येत नाही. पोटॅशियम ३.१ आलं. पाय जड पडतात, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. महिन्यातून दोन-तीनदा एकदम घाम सुटतो आणि धडधडतं. पोटदुखीसाठी काँट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केला, त्यात डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर २.४ सेंटिमीटरची गाठ दिसली. खोकल्यासाठी ती रोज जेष्ठमधाचा काढा घेते. दुर्बिणीच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या मंगळवारी मिळाली आहे. एक नातेवाईक म्हणतात, आधी सुईने तुकडा काढून तपासा. काय करावं? आणि आम्हा दोघा भावांना तपासणीची गरज आहे का?

उत्तर : मंगळवारची तारीख पुढे ढकला आणि सुई मुळीच घालू देऊ नका. २.४ सेंटिमीटरची गाठ तीन-चार आठवड्यांत हाताबाहेर जात नाही. मात्र ती अ‍ॅड्रिनॅलिन जातीची रसायनं सोडणारी असेल आणि कोणाला ते ठाऊक नसेल, तर भूल देताना किंवा गाठीला नुसता हात लागताच बीपी २५० च्या वर उसळू शकतं. सुई टोचल्यावरही तेच होतं. शिवाय अ‍ॅड्रिनलच्या बाबतीत तुकडा तपासून साधी गाठ आणि कर्करोग यांत नीट फरकही करता येत नाही. सुईचं काम इथे फार थोडं आहे : दुसरीकडचा कर्करोग अ‍ॅड्रिनलमध्ये पसरल्याची शंका असेल तेव्हा, किंवा दोन्ही ग्रंथी सुजलेल्या असून क्षयरोग वा हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीचा संशय असेल तेव्हा. तेही मेटानेफ्रिनचा (अशा रसायनांपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाचा) रिपोर्ट नॉर्मल आल्यावरच.

अ‍ॅड्रिनल ही प्रत्येक मूत्रपिंडाच्या डोक्यावर बसलेली चार-पाच ग्रॅमची ग्रंथी. तिची साल तीन प्रकारचे हार्मोन बनवते : मीठ-पाणी राखणारं आल्डोस्टेरोन, ताणाच्या वेळी शरीर सांभाळणारं कॉर्टिसॉल आणि थोडे पुरुषी हार्मोन. गाभा अ‍ॅड्रिनॅलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बनवतो. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये योगायोगाने सापडणाऱ्या बहुतेक गाठी काहीच स्रवत नाहीत. ज्या स्रवतात, त्यांचा उपचार गाठीच्या आकारापेक्षा त्या काय स्रवतात यावर ठरतो, आणि ते स्कॅनमध्ये दिसत नाही. रक्त-लघवीच तपासावी लागते.

तुमच्या आईंचं वर्णन वाचून पहिला संशय आल्डोस्टेरोनचा येतो. चार गोळ्यांना न जुमानणारं बीपी, कमी पोटॅशियम, जड पाय आणि रात्रीची लघवी हे चित्र जुळतं. पण त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. क्लोरथॅलिडोन स्वतःच पोटॅशियम घालवतं. आणि जेष्ठमधातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातलं एक एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे कॉर्टिसॉलच आल्डोस्टेरोनसारखं वागू लागतं. बीपी वाढतं, पोटॅशियम घसरतं, आणि रक्तात मात्र आल्डोस्टेरोन व रेनिन (आल्डोस्टेरोनला चालना देणारा मूत्रपिंडाचा स्राव) दोन्ही कमी सापडतात. काढा आजच बंद करा. त्याचा परिणाम ओसरायला काही आठवडे लागतात, म्हणून आल्डोस्टेरोनची तपासणी शक्य तर चार आठवड्यांनी करावी. खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, पानमसाला, घशासाठीचं चूर्ण यांतही जेष्ठमध किंवा मुलेठी असते. वेष्टन वाचा.

घाम आणि धडधड यांचा खुलासा मात्र सगळ्यात आधी व्हायला हवा. या वयात पाळी जाण्याच्या सुमाराच्या झळाही असू शकतात. घरी एक सोपं निरीक्षण करा. झटका येताच बीपी मोजा, वेळ लिहा आणि चेहऱ्याकडे पाहा. झळांमध्ये चेहरा लाल होतो आणि बीपी फारसं हलत नाही. फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे गाभ्यातली गाठ असेल, तर चेहरा पांढराफटक पडतो, डोकं ठणकतं, आणि मिनिटांत बीपी चढून पुन्हा उतरतं. वाकल्यावर, पोटावर दाब आल्यावर किंवा लघवीला गेल्यावर झटका आला तर तेही टिपून ठेवा. आणखी एक सांभाळा : निदान होईपर्यंत उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन देऊ देऊ नका. कॅज्युअल्टीत ते सर्रास दिलं जातं आणि अशा गाठीत ते मोठा झटका आणू शकतं. फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने तसं लिहून ठेवा.

आता क्रमाने काय करायचं ते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगणारी गोष्ट म्हणजे काँट्रास्टशिवायचा सीटी. तुमच्याकडे काँट्रास्टचाच स्कॅन आहे, आणि काँट्रास्टने गाठ उजळते, त्यामुळे तिची मूळ घनता कळत नाही. रेडिओलॉजिस्टना सांगून फक्त अ‍ॅड्रिनलपुरता साधा स्कॅन करून घ्या आणि रिपोर्टमध्ये हाउन्सफिल्ड युनिटचा, म्हणजे घनतेचा, आकडा मागून घ्या. गाठ सगळीकडे एकसारखी असून आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती चरबीयुक्त साधी गाठ आहे : कर्करोग नाही, आणि फिओक्रोमोसायटोमाही जवळपास नक्कीच नाही. अशा वेळी मार्गदर्शक सूचनांनुसार मेटानेफ्रिन तपासलं नाही तरी चालतं. पण आईंना झटके येतात आणि पुढे भूल द्यायची आहे, म्हणून माझं मत तरीही ते करून घ्यावं असंच आहे. आकडा २० च्या वर, गाठ आत खडबडीत किंवा ४ सेंटिमीटरहून मोठी असेल तर कर्करोगाचा विचार करावा लागतो. मग दुर्बिणीऐवजी पोट उघडून, गाठीचं आवरण न फाटू देता अख्खी काढणारा अनुभवी सर्जन शोधावा. आवरण फाटलं की रोग पोटात सांडतो.

मेटानेफ्रिन रक्तात किंवा २४ तासांच्या लघवीत मोजतात. व्हीएमए ही जुनी तपासणी अजून लिहून दिली जाते, पण ती बऱ्याच गाठी निसटू देते. तिच्यावर विसंबू नका. रक्ताच्या तपासणीत नमुना कसा घेतला यावरच सगळं अवलंबून आहे. उपाशीपोटी, आदल्या संध्याकाळपासून चहा-कॉफी नाही, तंबाखू-मिश्री नाही. हातात आधी कॅन्युला बसवून रुग्णाने २० ते ३० मिनिटं शांत आडवं पडायचं आणि पडल्या-पडल्याच रक्त घ्यायचं. खुर्चीत बसवून घेतलेल्या रक्तात नॉरमेटानेफ्रिन (मेटानेफ्रिनचाच एक प्रकार) खोटं वाढलेलं येतं आणि मग घरभर घबराट होते. ट्यूब ईडीटीएची, लगेच बर्फात, लगेच सेंट्रिफ्यूज आणि गोठवून रवाना. इंदूरहून असे नमुने बहुधा बाहेरगावी जातात, म्हणून शनिवारी रक्त देऊ नका. सोमवार ते बुधवार बरा, म्हणजे पार्सल रविवारी कुठे अडकत नाही.

हे जमत नसेल तर लघवीची तपासणी तितकीच उपयोगी आहे, फक्त ती घरी नीट गोळा व्हायला हवी. सकाळी सात वाजता उठल्यावरची पहिली लघवी संडासात सोडायची आणि वेळ लिहायची. तिथून पुढची प्रत्येक लघवी, शौचाच्या वेळचीही, कॅनमध्ये. दुसऱ्या दिवशी सकाळी सातची शेवटची घालून कॅन बंद. मेटानेफ्रिनच्या कॅनमध्ये लॅब हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घालून देते. त्यावर थेट लघवी करू नये, शिंतोड्याने भाजतं. वेगळ्या मगमध्ये घेऊन हलकेच ओतावी. मे महिन्यात कॅन गच्चीच्या जिन्यात ठेवू नका, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. आणि लघवी पूर्ण गोळा झाली का हे कळायला त्याच लघवीतलं क्रिएटिनिन मोजायला सांगा. बाईंच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम येतं. ६० किलोच्या बाईंचं ४०० मिलिग्रॅम आलं, तर निम्म्याहून जास्त लघवी कॅनबाहेर गेली आहे आणि तो नॉर्मल रिपोर्ट फसवा आहे.

निकाल वरच्या मर्यादेच्या तीन-चार पटींहून जास्त असेल तर गाठ जवळपास निश्चित. थोडासाच वाढलेला असेल तर आधी औषधं पाहा. अमिट्रिप्टिलिन (डोकेदुखी आणि नसांच्या दुखण्यासाठी पुष्कळांना चालू असतं), व्हेनलाफॅक्सिन, सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन, पार्किन्सनचं लेव्होडोपा यांनी आकडे बिघडतात. काही पद्धतींत पॅरासिटामॉलही. गोळ्या आपल्या मनाने बंद न करता लॅबला आणि डॉक्टरांना यादी द्या.

कॉर्टिसॉलची तपासणी प्रत्येक अ‍ॅड्रिनल गाठीत करायचीच, चेहरा गोल झाला असो वा नसो. रात्री अकरा ते बाराच्या दरम्यान डेक्सामेथासोन १ मिलिग्रॅम, म्हणजे ०.५ च्या दोन गोळ्या, आणि दुसऱ्या सकाळी आठ ते नऊच्या मध्ये रक्तातलं कॉर्टिसॉल. ते १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याखाली आलं तर ग्रंथी वरच्या, म्हणजे मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या, हुकमाला दबते आहे, सगळं ठीक. त्यावर आलं तर गाठ स्वतःच्या मर्जीने कॉर्टिसॉल सोडत असावी. ही तपासणी इंदूरमध्येच करा. रात्री अवंतिका एक्स्प्रेसमध्ये गोळी घ्यायची आणि सकाळी मुंबईला उतरून रक्त द्यायचं, असा बेत करू नये. झोपमोड आणि प्रवासाच्या ताणानेच कॉर्टिसॉल दबत नाही. गोळी विसरली, रात्रपाळी आहे, शुगर फार वाढलेली आहे, मोठं नैराश्य आहे, दारू आहे, तरीही खोटा निकाल येतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन किंवा क्षयरोगाचं रिफाम्पिसिन चालू असेल तर यकृत डेक्सामेथासोन भराभर जाळून टाकतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सहा आठवडे बंद हव्यात.

याच्या उलटही होतं, आणि आपल्याकडे ते फार दिसतं. गुडघेदुखीच्या पुड्या, दम्याचा ‘रामबाण’ चूर्ण, गोरं करणारं मलम, गुडघ्यातलं इंजेक्शन, नाकातला स्प्रे यांतून स्टेरॉइड शरीरात जात असतं. माणूस कुशिंगच्या (कॉर्टिसॉल अति झालेल्या) रुग्णासारखा दिसतो, पण सकाळचं कॉर्टिसॉल अगदी कमी निघतं. अ‍ॅड्रिनलवर दोष टाकण्याआधी घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, ट्यूबा एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ओता. केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्याही त्यात घाला. काही यंत्रांवर बायोटिनमुळे हार्मोनचे आकडे खोटे येतात, म्हणून त्या दोन-तीन दिवस आधी बंद करतात.

आता आल्डोस्टेरोन, जिथे सर्वाधिक घोळ होतो. तपासणी म्हणजे आल्डोस्टेरोन आणि रेनिन यांचं गुणोत्तर. आधी पोटॅशियम ४ च्या आसपास आणायचं, कारण पोटॅशियम कमी असेल तर आल्डोस्टेरोनही खोटं कमी येतं. पोटॅशियम क्लोराइडच्या सिरपच्या १५ मिलीत साधारण २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते पेलाभर पाण्यात, जेवणानंतर घ्यावं, नाहीतर पोटात जळजळतं. किती वेळा घ्यायचं ते क्रिएटिनिन पाहून डॉक्टर ठरवतील, कारण टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं. पोटॅशियमसाठी रक्त देताना मूठ उघड-मीट करू नका. तेवढ्याने आकडा वाढतो, आणि ३.१ चं ३.६ दिसून सगळेच निश्चिंत होतात. खरं तर पोटॅशियम नॉर्मल असूनही हा आजार असतो. बहुतेक रुग्णांचं ते नॉर्मलच असतं.

मीठ बंद केलेल्या बाईंचं रेनिन वर जातं आणि आजार लपतो. म्हणून पोटॅशियम भरून निघाल्यावर, तपासणीच्या आधीचे तीन दिवस नेहमीसारखं मीठ खाऊ द्या. पोह्यांवर नेहमीची सेव चालेल. ही सवलत तेवढ्या दिवसांपुरतीच. सकाळी उठून किमान दोन तास हिंडल्या-फिरल्यावर आणि मग पाच ते पंधरा मिनिटं बसून रक्त घ्यायचं. रेनिनची ट्यूब बर्फात ठेवू नये. थंडीत निष्क्रिय रेनिन सक्रिय होतं आणि आकडा फुगतो. मेटानेफ्रिनला बर्फ हवा, रेनिनला नको. दोन्ही रक्त एकाच वेळी घेतलं की इथेच चूक होते, म्हणून नमुना घेणाऱ्याला आठवण करून द्या.

औषधांचं असं. मेटोप्रोलॉल रेनिन दाबतं, त्यामुळे गुणोत्तर खोटं वाढतं. टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन रेनिन वाढवतात, त्यामुळे आजार लपतो. पण ही दोन्ही चालू असतानाही रेनिन तळाला असेल आणि आल्डोस्टेरोन वर असेल, तर निकालाला अधिकच वजन येतं. म्हणून पहिलं रक्त आहे त्या गोळ्यांवर घ्यायला हरकत नाही. संदिग्ध आलं तर डॉक्टर क्लोरथॅलिडोन चार आठवडे आणि बाकीच्या दोन आठवडे थांबवून प्राझोसिन किंवा व्हेरापामिलवर नेतात. आईंच्या बाबतीत मी प्राझोसिनच्या बाजूने झुकेन. ते गुणोत्तर बिघडवत नाही, आणि फिओक्रोमोसायटोमा निघालाच तर त्यातही ते संरक्षणच करतं. पहिला डोस रात्री आडवं पडताना घ्यायचा, आणि उठताना आधी पलंगाच्या काठावर दोन मिनिटं बसायचं, नाहीतर चक्कर येऊन पडायला होतं. व्हेरापामिल आणि मेटोप्रोलॉल एकत्र मात्र नको, हृदयाचे ठोके फार मंदावू शकतात. आणि मेटोप्रोलॉल एकाएकी तोडायचं नाही, कमी करत जायचं. स्पिरोनोलॅक्टोन मात्र आत्ता सुरू करू नका. औषध उत्तम आहे, पण ते घेतलं की गुणोत्तर चार ते सहा आठवडे वाचता येत नाही.

रिपोर्ट वाचताना एकक पाहा. समजा आल्डोस्टेरोन २४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि रेनिनची क्रियाशीलता ०.३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर प्रति तास. गुणोत्तर ८०, आणि ३० च्या वर असेल तर आजाराचा दाट संशय. त्याच बाईंचं तेच रक्त थेट रेनिन मोजणाऱ्या लॅबमध्ये गेलं, तर रेनिन साधारण २.५ मिलियुनिट प्रति लिटर येईल आणि भागाकार होईल ९.६. ३० ची मर्यादा डोक्यात असलेला माणूस म्हणेल, नॉर्मल. पण त्या एककात ३ ते ४ च्या वर गेलं तरी जास्तच. उलट आल्डोस्टेरोन ४ आणि रेनिन ०.१ असेल तर गुणोत्तर ४० दिसतं, पण त्याला अर्थ नाही. वरचा आकडाच १० च्या खाली आहे, आणि भाजक चिमुकला असल्यामुळे भागाकार फुगला आहे.

गुणोत्तर जास्त आलं तर खात्रीची तपासणी : बसवून, चार तासांत दोन लिटर नॉर्मल सलाईन. एवढं मीठ गेल्यावर आल्डोस्टेरोन खाली बसायलाच हवं. शेवटी ते १० च्या वर राहिलं तर आजार पक्का, ५ च्या खाली गेलं तर नाही. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असेल, बीपी फार चढलेलं असेल किंवा पोटॅशियम घसरलेलं असेल तर हे करायचं नाही. औषधाविनाच पोटॅशियम कमी, रेनिन मोजण्यापलीकडे खाली आणि आल्डोस्टेरोन २० च्या वर, असं तिन्ही असेल तर सलाईनची गरजच उरत नाही.

इथवर आल्यावर सगळे म्हणतात, डावीकडे गाठ आहे, मग डावी काढू. थांबा. पन्नाशीत काही न स्रवणाऱ्या गाठी सहज सापडतात. डाव्या बाजूला निष्पाप गाठ आणि आल्डोस्टेरोन मात्र दोन्ही ग्रंथींतून, किंवा स्कॅनवर साध्या दिसणाऱ्या उजवीतून, हे पुष्कळदा घडतं. ९५० रुग्णांची माहिती एकत्र केलेल्या २००९ मधल्या आढाव्यात स्कॅन आणि शिरांची तपासणी यांचं एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांत जुळलं नव्हतं. म्हणून ३५ च्या पुढच्या रुग्णात ऑपरेशनआधी दोन्ही अ‍ॅड्रिनल शिरांतून वेगवेगळं रक्त घेतात. मांडीतून बारीक नळी वर नेतात. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेत उघडते, तिथे पोचणं सोपं. उजवी काही मिलिमीटरचीच, ती थेट महाशिरेत तिरकी उघडते, आणि नेमकी तीच हुकते. नळी जागेवर होती की नाही हे प्रत्येक नमुन्यातल्या कॉर्टिसॉलवरून ठरतं. उत्तेजक इंजेक्शन दिलेलं असेल तर अ‍ॅड्रिनल शिरेतलं कॉर्टिसॉल बाहेरच्या रक्ताच्या किमान पाचपट हवं. तेवढं नसेल तर नमुना बाद, त्यावरून बाजू ठरवायची नाही. पुढे दोन्ही बाजूंचं आल्डोस्टेरोन-कॉर्टिसॉल गुणोत्तर काढतात. एक बाजू दुसरीच्या चौपटीहून जास्त असेल तर दोष त्या बाजूचा. हे काम मोजक्याच केंद्रांत होतं, आणि आठवड्याला करणारा हात व वर्षातून एकदा करणारा हात यांत फरक पडतो. म्हणून ‘तुमच्याकडे उजवी शीर किती वेळा मिळते?’ असं सरळ विचारा. गाठ कॉर्टिसॉलही सोडत असेल तर हा हिशेबच चुकतो. डेक्सामेथासोनची तपासणी आधी करायची ती यासाठीही.

दोष एकाच बाजूचा निघाला तर दुर्बिणीने ती अख्खी ग्रंथी काढणं हा उत्तम उपाय. दुसऱ्या दिवसापासून पोटॅशियमचं सिरप आणि स्पिरोनोलॅक्टोन बंद. उरलेली ग्रंथी काही आठवडे आळसावलेली असते आणि पोटॅशियम उलट वाढू शकतं, म्हणून महिनाभर दर आठवड्याला तपासा. अपेक्षाही नीट ठेवा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बारा केंद्रांच्या पाहणीत ९४ टक्के रुग्णांचे हार्मोन आणि पोटॅशियम सुधारले, पण बीपीची एकही गोळी न लागणारे ३७ टक्के होते, आणि गोळ्या किंवा बीपी कमी झालेले आणखी ४७ टक्के. आठ वर्षांच्या बीपीने कडक झालेल्या रक्तवाहिन्या एका दिवसात मऊ होत नाहीत. दोष दोन्हीकडे असेल तर ऑपरेशन नाही. तेव्हा स्पिरोनोलॅक्टोन २५ मिलिग्रॅमपासून, दोन आठवड्यांनी पोटॅशियम-क्रिएटिनिन पाहून, हळूहळू वाढवत. पुरुषांची छाती दुखू-वाढू लागली तर त्याऐवजी त्याच जातीचं इप्लेरेनोन.

फिओक्रोमोसायटोमा निघाला तर मार्ग निराळा. ऑपरेशनआधी किमान एक ते दोन आठवडे अल्फा-ब्लॉकर, म्हणजे आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं औषध : फिनॉक्सिबेंझामिन १० मिलिग्रॅम दोनदा, किंवा आपल्याकडे सहज मिळणारं प्राझोसिन, दर दोन-तीन दिवसांनी वाढवत. बीटा-ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉलसारखं ठोके मंदावणारं औषध, त्यानंतर किमान तीन-चार दिवसांनी, तेही ठोके वाढलेले असतील तरच. आधी बीटा दिला तर रक्तवाहिन्या सैल करणारी वाट बंद होते आणि आवळणारी उघडी राहते, बीपी भडकतं. आईंना आधीपासूनच मेटोप्रोलॉल चालू आहे, हे डॉक्टरांना आजच सांगा. अल्फा-ब्लॉकरमुळे नळ्या रुंदावतात, त्या भरायला मीठ आणि दिवसाला अडीच लिटर पाणी लागतं. एरवी बीपीच्या रुग्णाला मीठ तोडायला सांगतात, इथे मुद्दाम वाढवायचं, हे घरच्यांना पटवावं लागतं. बसून बीपी १३०/८० च्या आत, उभं राहिल्यावर वरचा आकडा ९० च्या खाली नाही, आणि नाक चोंदलेलं (औषध लागू पडल्याची खूण), एवढं जमलं की रुग्ण तयार. गाठीची शीर बांधताच बीपी धाडकन कोसळतं, त्यासाठी नॉरअ‍ॅड्रिनॅलिन पंपात भरून ठेवलेलं असतं. पुढचे २४ ते ४८ तास शुगर सतत पाहतात, कारण ती अचानक उतरते. दोन ते सहा आठवड्यांनी मेटानेफ्रिन पुन्हा, आणि मग किमान दहा वर्षं दरवर्षी.

कॉर्टिसॉलची गाठ निघाली तर धोका ऑपरेशननंतर असतो. दुसरी ग्रंथी महिनोन्‌महिने झोपलेली असते. भूल देताना हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम शिरेतून, मग उतरवत रोज १५ ते २५ मिलिग्रॅम तोंडावाटे, सहा महिने ते दीड वर्ष. सांधे दुखतात, अंगातलं त्राण जातं, मन उदास होतं. ही माघारीची लक्षणं आहेत, ऑपरेशन बिघडलं असं नाही. ताप आला तर डोस दुप्पट. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर घरात ठेवलेलं १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दंडात किंवा मांडीत देऊन लगेच हॉस्पिटल गाठायचं. घरातल्या दोघांनी तरी ते इंजेक्शन द्यायला शिकलेलं असावं.

तुम्हा भावांचं. आल्डोस्टेरोनची गाठ निघाली तर तिच्यातला जनुकीय बिघाड बहुधा त्या गाठीपुरताच असतो, मुलांत उतरत नाही. दोघांनी बीपी मोजून ठेवलं की पुरे. घरात कोणाला विशीच्या आत बीपी किंवा चाळिशीच्या आत पक्षाघात झाला असेल तर गोष्ट वेगळी. फिओक्रोमोसायटोमा निघाला तर मात्र जनुकीय तपासणी आधी आईंची करायची, कारण अशा सुमारे एक तृतीयांश रुग्णांत जन्मजात बदल सापडतो. त्यांच्यात काही सापडलं तर तेवढाच बदल तुम्हा दोघांत तपासायचा. त्यांच्यात काही न सापडता तुमची तपासणी करून हाती काही लागत नाही.